दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम नीट बसवायचा तर: बिल्ड आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट अगदी पहिल्यापासून

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी देवघेवीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, पायथनमध्ये, खिडक्या-बटणं पायक्यूटी ५ ची आणि डेटा एसक्यूलाइटच्या एकाच फाइलमध्ये. सभासदाचा नंबर टाकायचा, पुस्तकाचा दाखल नंबर टाकायचा, एंटर मारला की पुस्तक त्याच्या नावावर. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालायचा. वाचनालयात बसवताना मी सरळ पेन ड्राइव्हवर अख्खा फोल्डर कॉपी करून नेला, डेस्कटॉपवर टाकला, शॉर्टकट काढला, झालं काम. महिन्याभराने दंडाच्या हिशोबातली चूक दुरुस्त करून नवीन फोल्डर नेला आणि जुन्यावर पेस्ट केला, विंडोजने विचारलं रिप्लेस करू का, मी हो म्हटलं. आता डेटाची फाइलपण त्याच फोल्डरमध्ये होती ना. माझ्या लॅपटॉपवरची टेस्टिंगची फाइल, चार खोटे सभासद असलेली, ती वाचनालयाच्या खऱ्या फाइलवर जाऊन बसली आणि महिन्याभराची देवघेव गेली.

ग्रंथपाल काकूंनी रजिस्टरमध्ये पेनाने नोंदी करणं बंद केलं नव्हतं म्हणून निभावलं. दोन दुपारी बसून आम्ही सगळं परत भरलं, काकू एकेक ओळ वाचत होत्या, मी टाइप करत होतो, मध्येच कोणी पुस्तक बदलायला आलं की थांबायचं. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण मला तेव्हाच पटलं की प्रोग्राम लिहून झाला म्हणजे निम्मंच काम झालं. इन्स्टॉल स्क्रिप्ट म्हणजे आपण तिथे नसताना आपल्या वतीने तिथे काम करणारा माणूस, आणि त्या माणसाला पहिलं शिकवायचं ते हे की लोकांच्या डेटाला हात लावायचा नाही. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय. उदाहरण पायथन आणि विंडोजचं आहे, शेवटी लिनक्स थोडक्यात, पण क्रम कुठल्याही भाषेतल्या छोट्या प्रोग्रामला लागू पडेल.

एक सांगून ठेवतो, कमांड मी इथे फोनवर सांगतो तशा बोलून लिहिल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

बिल्ड वेगळं, इन्स्टॉल वेगळं

बिल्ड म्हणजे सोर्स कोडमधून असा एक फोल्डर तयार करणं की जो पायथन नसलेल्या मशीनवरसुद्धा चालेल. ते आपल्या मशीनवर होतं. इन्स्टॉल म्हणजे तो फोल्डर समोरच्याच्या मशीनवर योग्य जागी ठेवणं, स्टार्ट मेनूत शॉर्टकट टाकणं, कंट्रोल पॅनलमध्ये नोंद करणं आणि उद्या नको झाला तर काढून टाकायची सोय देणं. ही दोन कामं एकाच स्क्रिप्टमध्ये कोंबली की दोन्हीचा विचका होतो, त्यामुळे फाइलीही वेगळ्या ठेवा.

माझ्या प्रोजेक्टमध्ये एका फोल्डरमध्ये कोड, दुसऱ्यात आयकॉन, फॉन्ट आणि पावतीचा नमुना, आणि तिसरा पॅकेजिंग नावाचा फोल्डर ज्यात बिल्डची बॅच फाइल, पायइन्स्टॉलरची स्पेक फाइल, इनो सेटअपची स्क्रिप्ट आणि लिनक्सच्या दोन फाइली. बॅच फाइल म्हणजे विंडोजला एकामागून एक द्यायच्या कमांडांची यादी, पायइन्स्टॉलर पायथनच्या कोडचा चालता प्रोग्राम बांधतो आणि इनो सेटअप त्या प्रोग्रामचा इन्स्टॉलर, म्हणजे सेटअपची फाइल बनवतो. अगदी वरच्या फोल्डरमध्ये व्हर्जन नावाची एक टेक्स्ट फाइल, तिच्यात फक्त एक ओळ, १.४.० असं काहीतरी. व्हर्जन नंबर दुसरीकडे कुठेही हाताने लिहायचा नाही. अबाउटच्या खिडकीत, सेटअपच्या नावात, सगळीकडे तो याच फाइलमधून यायला हवा, नाहीतर फोनवर काकू सांगतात १.३ दिसतंय आणि आपण म्हणतो नाही हो, १.४ दिलंय, आणि अर्धा तास त्यातच जातो.

फाइलींची आणि फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये स्पेस न देता ठेवा. लोकांना दिसणारं नाव मराठीत ठेवता येतं, त्याचं पुढे सांगतो.

स्क्रिप्टच्या आधी कोडमध्ये दोन फंक्शन

हे काम बरेच जण शेवटी करतात आणि मग रडकुंडीला येतात. प्रोग्राम दोन प्रकारच्या फाइली उघडतो. एक म्हणजे आपण सोबत दिलेल्या, आयकॉन, फॉन्ट, पावतीचा नमुना, ज्या फक्त वाचायच्या असतात. दुसऱ्या म्हणजे वापरणाऱ्याच्या, डेटाबेस, सेटिंग, लॉग, ज्यात लिहायचं असतं. या दोन्हींच्या जागा ठरवणारी दोन वेगळी फंक्शन लिहा आणि कोडमध्ये फाइल उघडणारी प्रत्येक ओळ यापैकी एकातून गेली पाहिजे. नुसतं फाइलचं नाव देऊन उघडलंत तर ती करंट डायरेक्टरीत, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू झाला असं विंडोज धरतं त्यात, शोधली जाते, आणि करंट डायरेक्टरी शॉर्टकटवर अवलंबून असते, म्हणून तुमच्याकडे चालतं आणि तिकडे फाइल सापडत नाही.

पहिलं फंक्शन सोपं आहे. पायइन्स्टॉलरने बांधलेल्या प्रोग्राममध्ये सिस मॉड्यूलवर फ्रोझन नावाची खूण असते आणि अंडरस्कोर एमईआयपास नावाचा एक पाथ असतो, सोबतच्या फाइली तिथे सापडतात. खूण नसेल तर आपण साधा पायथन चालवतोय असं समजून चालू फाइलच्या फोल्डरपासून पाथ काढायचा.

दुसऱ्याला जरा डोकं लावावं लागतं. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, तेव्हा डेटा तिथे ठेवायचाच नाही. एकाच माणसाचा प्रोग्राम असेल तर लोकल अ‍ॅपडेटा हा प्रत्येक लॉगिनचा स्वतःचा फोल्डर ही बरोबर जागा. पण वाचनालयात मशीन एक आणि लॉगिन दोन, सकाळी काकू, संध्याकाळी मदतनीस मुलगा. लोकल अ‍ॅपडेटात ठेवलं असतं तर दोघांचे दोन वेगळे डेटाबेस झाले असते आणि सकाळी दिलेलं पुस्तक संध्याकाळी जमाच करता आलं नसतं. म्हणून मी प्रोग्रामडेटा हा सगळ्यांचा फोल्डर घेतला. त्यात एक गोम आहे, तिथे एका युजरने तयार केलेली फाइल दुसऱ्या साध्या युजरला वाचता येते पण बदलता येत नाही, म्हणजे इन्स्टॉल करतानाच त्या फोल्डरला सगळ्यांसाठी परवानगी द्यावी लागते. ते इनोच्या भागात येईल.

आता डेटाबेसचं व्हर्जन. नवीन प्रोग्रामला टेबलमध्ये एखादा नवीन कॉलम हवा असतो आणि तिकडे फाइल जुनी असते. एसक्यूलाइटमध्ये प्रॅग्मा युजर व्हर्जन म्हणून एक आकडा फाइलच्या आतच ठेवता येतो. प्रोग्राम सुरू झाला की तो आकडा बघायचा, जुना असेल तर आधी बॅकअप घ्यायचा, मग एकेक पायरीने टेबल बदलायची आणि शेवटी आकडा वाढवायचा. बॅकअप नुसती फाइल कॉपी करून घेऊ नका. वॉल मोड, म्हणजे नवे बदल आधी बाजूला लिहून ठेवायची पद्धत, चालू असेल तर ताज्या नोंदी बाजूच्या वेगळ्या फाइलमध्ये असू शकतात आणि कॉपीत त्या येणारच नाहीत. पायथन ३.७ पासून एसक्यूलाइटच्या कनेक्शनवर बॅकअप नावाची मेथड आहे, ती हे काम नीट करते. हे सगळं प्रोग्रामने करायचं, इन्स्टॉलरने डेटाबेस उघडायचासुद्धा नाही.

कुठला पायथन घ्यायचा

वाचनालयातलं मशीन विंडोज ७, तेही ३२ बिट. आपल्याकडे शाळा, सोसायट्या, दुकानं, अशी मशीन अजून ढिगाने आहेत आणि लोकांना नवीन घ्या म्हणून सांगणं मला पटत नाही. पायथन ३.९ पासून पुढचा विंडोज ७ वर चालत नाही, ३.८ हा शेवटचा, आणि त्यातही विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो तो ३.८.१० पर्यंतच. पायइन्स्टॉलर ज्या पायथनने चालवाल त्याच बिटचा प्रोग्राम देतो, म्हणून ३२ बिट पायथन घेतला, तो ६४ बिट विंडोजवरपण चालतो. पायक्यूटी ५ घ्यायचंही तेच कारण, ते ज्या क्यूटीवर उभं आहे तिच्या ६ व्या व्हर्जनला विंडोज १० लागतं. हा ३.८ आता जुना झालाय, २०२४ पासून त्याला सिक्युरिटीचे अपडेटही येत नाहीत, तेव्हा इंटरनेटवर काही पाठवणारा प्रोग्राम असेल तर मी तो वापरणार नाही. माझा प्रोग्राम नेटला हातच लावत नाही. तुमच्या लोकांकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर सरळ नवीन घ्या.

आणखी दोन गोष्टी. पायइन्स्टॉलर विंडोजचा प्रोग्राम विंडोजवरच बांधतो, लिनक्सचा लिनक्सवर, इकडचं तिकडे होत नाही. आणि पायक्यूटी हे जीपीएल लायसन्सखाली मिळतं किंवा पैसे देऊन, फुकटचं वापरून प्रोग्राम वाटणार असाल तर आपला सोर्सही त्याच अटींवर द्यायची तयारी ठेवा.

बिल्डची बॅच फाइल

ही फाइल डबल क्लिक केली की शून्यापासून सेटअपपर्यंत सगळं झालं पाहिजे, मध्ये आपण काहीही लक्षात ठेवायचं नाही. सहा महिन्यांनी चूक दुरुस्त करायला बसाल तेव्हा कुठल्या ऑप्शनने बांधलं होतं ते आठवत नसतं, ते स्क्रिप्टला आठवलं पाहिजे.

सुरुवातीला इको ऑफ आणि सेटलोकल. सेटलोकलमुळे आपण ठरवलेले व्हेरिएबल बाहेर सांडत नाहीत. मग लगेच सीडी स्लॅश डी आणि पुढे अवतरण चिन्हात टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य. याचा अर्थ बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा, ड्राइव्ह वेगळा असला तरी. तिथून दोन टिंबांनी एक पायरी वर, प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये. ही ओळ नसेल आणि फाइल अ‍ॅडमिन म्हणून चालवली तर करंट फोल्डर सिस्टम ३२ असतो, आणि पुढे आपण पायइन्स्टॉलरने आधी केलेले बिल्ड आणि डिस्ट नावाचे फोल्डर डिलीट करणार आहोत, तेव्हा विचार करा. अवतरण चिन्हं सगळीकडे लावा, युजरच्या नावात स्पेस असली की त्यांच्याशिवाय पाथ तुटतो.

व्हर्जन वाचायला सेट स्लॅश पी वापरायचं आणि त्याला व्हर्जनच्या टेक्स्ट फाइलमधून इनपुट द्यायचं, एका ओळीत होतं.

मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन आणि त्याची पॅकेजं. पीवाय लाँचरला मायनस ३.८ मायनस ३२ सांगितलं की बरोबर तोच पायथन मिळतो, त्याला मायनस एम व्हीएन्व्ह सांगून प्रोजेक्टमध्येच फोल्डर करायचा, आधीच असेल तर सोडून द्यायचं. तो अ‍ॅक्टिव्हेट करत बसू नका, पुढे प्रत्येक वेळी त्याच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधला पायथन पूर्ण पाथने बोलवा. अ‍ॅक्टिव्हेट ही स्वतःच एक बॅच फाइल आहे, आणि एका बॅच फाइलमधून दुसरी कॉल शब्द न लावता चालवली तर कंट्रोल परत येतच नाही, स्क्रिप्ट तिथेच गप संपते, एररही दिसत नाही. या एका गोष्टीवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

पॅकेज बसवताना रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, प्रत्येकासमोर दोन बरोबरच्या चिन्हांनी नेमकं व्हर्जन लिहा, पायइन्स्टॉलरसकट. नुसतं नाव लिहिलं तर आज बांधलेला आणि दिवाळीनंतर बांधलेला प्रोग्राम वेगळा निघेल, आणि बिघडलं तर दोष आपल्या कोडमध्ये शोधत बसाल.

यानंतर टेस्ट असतील तर चालवा, आणि मग जुने बिल्ड आणि डिस्ट फोल्डर काढून पायइन्स्टॉलरला स्पेक फाइल द्या, सोबत क्लीन आणि नोकन्फर्म हे दोन ऑप्शन. पहिल्यांदा स्पेक फाइल नसते, तेव्हा एकदा कमांडवरून विंडोड, आयकॉन, अ‍ॅडडेटा (काळी कन्सोल खिडकी नको, कुठला आयकॉन, सोबत कुठल्या फाइली) हे ऑप्शन देऊन बांधा, स्पेक फाइल आपोआप तयार होते, ती पॅकेजिंगमध्ये ठेवा आणि पुढे तिच्यातच बदल करा. स्पेक फाइल म्हणजे पायथनचाच कोड आहे, व्हर्जनची फाइलही तिथूनच सोबत घालता येते.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, वनफाइल की वनडिर. वनफाइलमध्ये एकच एक्झी मिळते, दिसायला सुटसुटीत, पण ती दर वेळी सुरू होताना सगळा मालमसाला टेंप फोल्डरमध्ये उलगडते आणि मग चालते. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर आयकॉनवर क्लिक केल्यावर काहीच दिसत नाही, माणूस परत क्लिक करतो, मग परत, आणि तीन खिडक्या उघडतात. शिवाय अँटिव्हायरसला असं टेंपमध्ये उलगडून चालणं संशयास्पद वाटतं. आपण इन्स्टॉलर बनवतोच आहोत तर एकच फाइल द्यायचं काम सेटअप करेल, प्रोग्राम वनडिरच ठेवा. यूपीएक्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलने आकार कमी करायचा मोहही टाळा, त्यानेही अँटिव्हायरस बिथरतात.

प्रत्येक पायरीनंतर एरर तपासा, हा स्क्रिप्टचा कणा आहे. बॅच फाइल स्वतःहून थांबत नाही, मधली कमांड फसली तरी पुढची चालवते, आणि शेवटी जुन्याच फाइलींचा सेटअप नव्या नंबराने तयार होतो. प्रत्येक महत्त्वाच्या ओळीनंतर इफ एररलेव्हल १ असेल तर फेलच्या लेबलवर जा असं लिहा, तिथे काय फसलं ते छापा, पॉज द्या म्हणजे खिडकी बंद होणार नाही, आणि एक्झिट स्लॅश बी १ ने बाहेर पडा. एररलेव्हल म्हणजे आधीच्या कमांडने परत दिलेला आकडा, शून्य असेल तर ठीक, आणि इफ एररलेव्हल १ चा अर्थ एक किंवा जास्त असा होतो, तेच आपल्याला हवंय. कंसात लिहिलेल्या ब्लॉकमध्ये टक्क्यांतलं एररलेव्हल वापरू नका, तिथे ब्लॉक सुरू व्हायच्या आधीची किंमत येते.

बांधून झाल्यावर लगेच तो प्रोग्राम एकदा चालवून बघायचा, तेही स्क्रिप्टनेच. मी प्रोग्रामला सेल्फचेक नावाचा एक ऑप्शन ठेवलाय, तो दिला की खिडकी न दाखवता फॉन्ट आणि नमुने सापडतात का बघतो, टेंपमध्ये एक रिकामा डेटाबेस करतो, एक पुस्तक देतो, जमा करतो आणि सगळं ठीक असेल तर शून्य देऊन बंद होतो. बॅचमधून तो स्टार्ट स्लॅश वेट ने चालवा म्हणजे तो संपेपर्यंत बॅच थांबेल, आणि स्टार्टनंतर आधी रिकामी अवतरण चिन्हं द्या, कारण पहिलं अवतरणातलं जे असेल ते स्टार्ट खिडकीचं टायटल समजतं. पायइन्स्टॉलरला न दिसलेली मॉड्यूल, अ‍ॅडडेटात राहून गेलेली फाइल, असल्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात. मॉड्यूल सापडत नाही असं आलं तर स्पेकमध्ये हिडनइंपोर्टच्या यादीत त्याचं नाव टाका. कन्सोल बंद असलेल्या प्रोग्राममध्ये स्टँडर्ड आउटपुटच नसतं, त्यामुळे सेल्फचेकने काय बिघडलं ते लॉग फाइलमध्ये लिहायला हवं, स्क्रीनवर काही येणार नाही.

इनो सेटअपची स्क्रिप्ट

इनो सेटअप १९९७ पासून आहे आणि छोट्या प्रोग्रामला मी दुसरं काही सुचवणार नाही. स्क्रिप्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, चौकटी कंसातल्या नावांचे भाग. फाइल सेव्ह करताना यूटीएफ ८ विथ बॉम निवडा, म्हणजे शॉर्टकटचं नाव देवघेव असं देवनागरीत देता येतं आणि स्टार्ट मेनूत प्रश्नचिन्हं दिसत नाहीत.

सेटअपच्या भागात सगळ्यात महत्त्वाची ओळ अ‍ॅपआयडीची. इनोच्या टूल्स मेनूतून एक जीयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामशी न जुळणारा लांबलचक ओळख नंबर, तयार करायचा, सुरुवातीचा महिरपी कंस दोनदा लिहायचा, आणि मग या ओळीला पुन्हा कधी हात लावायचा नाही. याच्यावरूनच इनो ओळखतो की हा तोच प्रोग्राम आहे आणि जुन्यावरच बसवायचाय. बदललात तर कंट्रोल पॅनलमध्ये देवघेव दोनदा दिसेल आणि कुठला खरा ते कोणालाच कळणार नाही. अ‍ॅपव्हर्जन हाताने लिहू नका, बॅच फाइलमधून आयएससीसी हा कमांडवरचा कंपायलर चालवताना स्लॅश डी ने पाठवा.

फाइल्सच्या भागात डिस्टमधलं सगळं, सबफोल्डरसकट, इग्नोरव्हर्जन या फ्लॅगने. त्याच्या जोडीला इन्स्टॉलडिलीटचा भाग लिहा. पायइन्स्टॉलर ६ पासून प्रोग्रामच्या बाजूला अंडरस्कोर इंटर्नल नावाचा फोल्डर असतो, लायब्ररी सगळ्या त्यात. नवीन व्हर्जन बसवताना जुना इंटर्नल आधी काढून टाकायचा, नाहीतर जुन्या लायब्ररींच्या फाइली तिथेच राहतात आणि कधीतरी नव्यांत मिसळून विचित्र क्रॅश होतात. हे बिनधास्त करता येतं ते केवळ आपण वापरणाऱ्याची एकही फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवलेली नाही म्हणून.

डर्सच्या भागात कॉमनअ‍ॅपडेटाखाली, म्हणजे मघाच्याच प्रोग्रामडेटात, आपला डेटा फोल्डर, आणि पुढे पर्मिशन्समध्ये युजर्स-मॉडिफाय. दोन लॉगिनचा प्रश्न या एका ओळीने सुटला. याच ओळीत अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल हा फ्लॅगही घाला, इंग्रजीत त्याची सुरुवात यूएनआयएनएस या अक्षरांनी होते, म्हणजे प्रोग्राम काढताना हा फोल्डर तसाच राहतो. अनइन्स्टॉलडिलीटच्या भागात डेटा फोल्डरचं नाव कधीच लिहू नका. प्रोग्राम काढून टाकणाऱ्याला डेटाही नकोय असं धरून चालायचा आपल्याला अधिकार नाही, मशीन हळू झालंय म्हणून कोणीतरी ओळखीचा पोरगा येतो आणि चार प्रोग्राम उडवून जातो, असंही होतं.

प्रोग्राम चालू असताना सेटअप चालवला तर फाइली अडकतात. त्यावर उपाय अ‍ॅपम्युटेक्स. आपल्या प्रोग्रामने सुरू होताना विंडोजकडे एका ठरलेल्या नावाचा म्युटेक्स, म्हणजे प्रोग्राम चालू आहे अशी खूण, करायचा, पायथनच्या सीटाइप्समधून दोन ओळींत होतं, आणि तेच नाव सेटअपमध्ये लिहायचं. मग सेटअप स्वतःच सांगतो की आधी प्रोग्राम बंद करा. हाच म्युटेक्स प्रोग्राम दोनदा उघडू नये म्हणूनही कामाला येतो. दोन लॉगिन एकाच वेळी चालू राहत असतील तर नावाच्या आधी ग्लोबल आणि उलटा स्लॅश लावलेला दुसरा म्युटेक्सही करा, कारण साधं नाव फक्त त्या लॉगिनपुरतं असतं.

फॉन्टचं राहिलंच. विंडोज ७ वर मराठीसाठी मंगल असतो, निर्मला विंडोज ८ पासून आला. माझी पावती निर्मलात बसवलेली, वाचनालयाच्या मशीनवर ओळी खाली-वर झाल्या आणि सभासदाचं नाव रेषेच्या बाहेर गेलं. आता नोटो सान्स देवनागरी सोबतच देतो, लायसन्स वाटायला मोकळं आहे, आणि क्यूटीला प्रोग्राम सुरू होताना अ‍ॅप्लिकेशन फॉन्ट म्हणून ती फाइल द्यायची. सिस्टममध्ये फॉन्ट बसवायची गरज नाही, समोरच्याच्या मशीनवर जितकं कमी सांडाल तितकं बरं.

नेटवरून उतरवलेल्या सेटअपवर डिजिटल सही नसेल तर विंडोज ८ पासून पुढचं विंडोज निळी खिडकी दाखवून अडवतं, मोअर इन्फो दाबल्यावर रन एनीवे येतं. सहीचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, एका वाचनालयासाठी तो खर्च झेपणारा नाही. त्यामुळे मी सेटअपसोबत त्याचा एसएचए २५६ हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, देतो, बॅच फाइलच सर्टयुटिल हॅशफाइल चालवून तो टेक्स्ट फाइलमध्ये लिहिते. समोरच्याने तीच कमांड चालवून अक्षरं जुळवली की मध्ये फाइल बदललेली किंवा अर्धवट उतरलेली नाही एवढं तरी कळतं. अँटिव्हायरस बंद करा असं मात्र कोणालाही सांगू नका. त्याने चुकून पकडलं तर त्या कंपनीला फाइल पाठवून तपासायला सांगता येतं, वेळ लागतो पण तोच रस्ता योग्य.

लिनक्ससाठी

इथे मेकफाइल पुरते, म्हणजे मेक या प्रोग्रामला कुठलं काम कसं करायचं ते सांगणारी फाइल. मेक हे १९७६ सालचं हत्यार आहे आणि अजून रोज कामाला येतं. तीन टार्गेट, बिल्ड, इन्स्टॉल, अनइन्स्टॉल. कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हायला हवी, स्पेस चालत नाहीत. प्रीफिक्स नावाचं व्हेरिएबल ठेवा आणि सगळे पाथ त्याच्यापासून काढा, एका माणसापुरतं बसवायचं तर होम फोल्डरमधलं डॉट लोकल द्यायचं, मग सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनची परवानगी, लागत नाही. प्रत्येक पाथच्या आधी डेस्टडिर हे व्हेरिएबल लावा म्हणजे फाइली खऱ्या जागेऐवजी वेगळ्या फोल्डरखाली ठेवता येतात, उद्या कोणाला डेब पॅकेज करायचं असेल तर तो तुमचं नाव काढेल. फाइली ठेवायला कॉपीऐवजी इन्स्टॉल ही कमांड, मायनस डी आणि मायनस एम सोबत, फोल्डर आणि परवानग्या एकदम होतात.

मेनूत दिसण्यासाठी डॉट डेस्कटॉप फाइल लागते, ती शेअर खालच्या अ‍ॅप्लिकेशन्समध्ये जाते. त्यात नेमच्या ओळीखाली नेम आणि चौकटी कंसात एमआर असं लिहून देवघेव लिहिलं की ज्याचा डेस्कटॉप मराठीत आहे त्याला मराठी नाव दिसतं. फाइल डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेटने तपासा.

शेल स्क्रिप्ट लिहिलीत तर वर सेट मायनस ईयू हवंच, म्हणजे चूक झाली किंवा व्हेरिएबलला किंमत दिलेलीच नसली की ती तिथेच थांबते. आरएम मायनस आरएफच्या पुढे व्हेरिएबल असेल तर दहा वेळा बघा. विंडोजवर एडिट केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर बॅड इंटरप्रिटर म्हणून अडते, कारण ओळीच्या शेवटी जादाचं एक अक्षर असतं, गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये शेल फाइलींच्या ओळींचा शेवट एलएफ, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीचा, ठरवून टाका. आणि बांधताना तुमच्या लोकांकडे असलेल्यापैकी सगळ्यात जुन्या लिनक्सवर बांधा, नव्यावर बांधलेलं जुन्यावर जीलिबसी या मूळ लायब्ररीचं हवं ते व्हर्जन सापडत नाही म्हणून चालत नाही.

कोऱ्या मशीनवर तपासणं

आपल्या मशीनवर चालतं याचा काही उपयोग नाही, तिथे पायथन आहे, लायब्ररी आहेत, सगळं आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आपल्याच मशीनच्या आतल्या खोट्या मशीनमध्ये, कोरं विंडोज टाका, त्याचा स्नॅपशॉट घ्या, आणि दर वेळी स्नॅपशॉटवर परत जाऊन सेटअप चालवा. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर त्यातला सँडबॉक्सही चालतो, होममध्ये तो नाही. विंडोज ७ तपासत असाल तर सर्व्हिस पॅक १ आणि अपडेट असलेलं आणि नसलेलं, दोन्ही बघा. एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशा नावाची फाइल नाही असा एरर आला तर त्या मशीनवर केबी२९९९२२६ हे अपडेट बसवायचं राहिलंय.

मी काय करून बघतो ते सांगतो. युजरचं नाव देवनागरीत आणि मध्ये स्पेस देऊन लॉगिन करतो, अनेक चुका इथेच उघड्या पडतात. अ‍ॅडमिन नसलेल्या युजरने प्रोग्राम चालवतो. एका लॉगिनमधून पुस्तक देतो, दुसऱ्यातून जमा करतो. मग सगळ्यात महत्त्वाचं, जुना १.० चा सेटअप बसवतो, त्यात पाच-सहा नोंदी करतो, त्याच्यावर नवीन सेटअप, नोंदी तशाच आहेत का बघतो. मग प्रोग्राम काढून टाकतो, डेटा फोल्डर जागेवर आहे का बघतो, परत बसवतो, आणि त्याच नोंदी समोर आल्या पाहिजेत. यासाठी जुने सगळे सेटअप जपून ठेवा, एकही डिलीट करू नका.

वाचनालयात आता मी पेन ड्राइव्हवर एक सेटअप, हॅशची फाइल आणि एक कागद पाठवतो, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की आधी देवघेव बंद करा, मग सेटअपवर दोनदा क्लिक करा, परवानगी विचारणारी खिडकी आली तर काय दाबायचं, आणि शेवटी कुठला नंबर दिसला पाहिजे. मागचं व्हर्जन काकूंनी एकटीने बसवलं आणि मग मला फोन केला, नंबर वाचून दाखवला आणि म्हणाल्या, सगळी पुस्तकं आहेत जागच्या जागी. रजिस्टर मात्र त्या अजून भरतात, आणि मी त्यांना ते बंद करा असं सांगितलेलं नाही.